वापसा बघून गाडी घाला

विचारणारे सोलापुरातलेच आहेत. घरी पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे टू व्हील ड्राइव्हची, छोटी एसयूव्ही आहे. दिवाळीच्या सुट्टीत बायको आणि ७ वर्षांच्या मुलीला घेऊन उजनी धरणाच्या काठावर दोन रात्री मुक्काम करायचा बेत आहे. मित्र म्हणतात, डांबरी सोडून आत जायचं तर फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडीच पाहिजे, ही गाडी काढून टाक. तर गाडी बदलावी का, आणि तिघांनी गाडीतच झोपलं तर चालेल का, असे त्यांचे दोन प्रश्न.

गाडी विकू नका. दिवाळीचा बेत मात्र पुढे ढकला. का, ते सांगतो.

ठिबकच्या कामासाठी मी २२ वर्षं मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, अक्कलकोट या तालुक्यांतल्या वस्त्यांवर गाडी नेतो आहे. कामाची गाडी बोलेरो, मागच्या चाकांवर चालणारी. घरची हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते. दोन्हींतून माळावर, नदीकाठी, शेतात मुक्काम केले आहेत. फोर बाय फोर मी कधी घेतली नाही, कारण आपल्या जिल्ह्यात गाडी कुठे अडेल हे किती चाकं फिरतात यापेक्षा खाली कोणती माती आहे आणि तिच्यावर शेवटचा पाऊस कधी पडला यावर ठरतं. भिजलेल्या काळ्या रानात फोर बाय फोर रुतलेली मी पाहिली आहे, ट्रॅक्टरही पाहिला आहे. वाळलेल्या मुरमाड माळावर घरची हॅचबॅक आरामात जाते.

मला हे एका आजींनी शिकवलं. ऑक्टोबरचा महिना, मंगळवेढ्याच्या बाजूचं ज्वारीचं रान, पेरणी नुकतीच झालेली. मी गाडी बांधाकडेने आत घातली आणि पाइप उतरवत होतो. २० मिनिटांची सर आली. सर थांबल्यावर गाडी चालू केली, तर चार हात गेली आणि बसली. चाकांना माती अशी लपेटली की टायरच्या खाचा दिसेनाशा झाल्या, आणि थोड्याच वेळात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती गच्च भरून चाक फिरेनासं झालं. वस्तीवरच्या आजी आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, वापसा आल्याबिगर आमी औतसुदिक घालत न्हाई. तू गाडी घातलीस व्हय?" दोन रात्री मी त्यांच्या वस्तीवर राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी माती वाळली, खुरप्याने चाकं मोकळी केली आणि गाडी आपल्या पायांनी बाहेर आली. कुणी ओढावीही लागली नाही.

वापसा हा शब्द तुम्हाला माहीत असेलच, पुस्तकात तो वाफसा होतो. पावसानंतर जमिनीतलं जादा पाणी निघून जातं, ओल राहते पण चिकटपणा जातो, ती अवस्था. शेतकरी मूठभर माती घेऊन लाडू वळतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडतो. लाडू फुटला की वापसा आला. चपटा होऊन तसाच राहिला, तर औत नाही. गाडीलाही हीच परीक्षा लावा. त्याहून सोपी परीक्षा चपलेची: खाली उतरून ज्या वाटेने गाडी न्यायची त्या वाटेने २० पावलं चाला. चपलेला माती लागून पाय जड झाला, तर गाडी जिथे आहे तिथेच ठेवा. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झाली आहे, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगा पडतात. म्हणून मार्चमध्ये जी जमीन सिमेंटसारखी कडक लागते, तीच ऑक्टोबरमध्ये लोण्यासारखी असते. नकाशावर दोन्ही वेळेला एकच रस्ता दिसतो.

माती लांबूनही ओळखता येते. जिथे तरवड आणि कुसळी गवत आहे, जमीन तांबूस किंवा पांढुरकी आहे, गोटे उघडे पडले आहेत, तिथे खाली मुरूम आहे. तिथे पाऊस थांबल्यावर काही तासांत गाडी चालते. जिथे ज्वारी-हरभरा सलग उभा आहे, झाडं कमी आहेत आणि जमीन सपाट काळी आहे, तिथे भारी रान आहे, तिथे पावसानंतर दोन-तीन दिवस नाव काढू नका. भीमा, सीना, माण या नद्यांच्या जवळ जाल तसं काळं रान वाढत जातं, चढावर जाल तसा मुरूम लागतो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला बरेच जण जातात. देवळापर्यंत रस्ता आहे, पण तिथून "जरा नदीकडे" म्हणून गाडी खाली सोडायचा मोह आवरा.

आता उजनी. दिवाळीत धरण बहुधा भरलेलं असतं आणि परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो. म्हणजे काठापर्यंत काळं रान, तेही ओलं. जानेवारीनंतर पाणी मागे सरकायला लागतं, उन्हाळ्यात तर उजनी बऱ्याचदा मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली जाते. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, त्यामुळे मायनसमध्ये गेली तरी समोर अथांग पाणी दिसतं आणि रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) असतात. नवख्या माणसाची फसगत इथेच होते. पाणी मागे गेल्यावर उघडा पडलेला पट्टा मैदानासारखा दिसतो, वर भेगाळलेला कोरडा पापुद्रा असतो, आणि त्याच्याखाली वीतभर गेलं की गाळ. माणूस चालला तर काही होत नाही. गाडीचं वजन आलं की पापुद्रा फुटतो आणि चाक आत जातं. त्या गाळात ट्रॅक्टरवालाही यायला तयार होत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ ओळखा. बाभळी आणि झुडपं जिथे संपतात तीच रेघ. गाडी तिच्या वर, मुरमावर लावा. खाली पायी जा. मुलीला घेऊन जाताना तर पाण्याच्या अगदी कडेला तुम्हीही जाऊ नका, गाळ माणसालाही गुडघ्यापर्यंत धरतो.

धरणाच्या खाली, भीमेच्या पात्रात, मुक्काम अजिबात नको. पिण्याच्या पाण्यासाठी आणि पंढरीच्या वारीसाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात. आभाळात ढगाचा तुकडा नसताना रात्रीत पाणी वाढतं. पावसाळ्यात पुण्याकडे पाऊस झाला की इथे पाणी येतं, हे तर आहेच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला महापूर सगळ्यांनी पाहिला आहे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर माझा नियम असा: फरशी दिसत नसेल तर थांबायचं. एक फूट वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलू लागतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, आणि फोर बाय फोरही त्यात आलीच. साचलेल्या पाण्यात धोका वेगळा. इंजिनाची हवा ओढणारी नळी बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीच्या उंचीवर असते. तिच्यातून पाणी आत गेलं आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम सफाईवर भागलं असतं ते इंजिन उघडण्यावर जातं.

पुढची चाकं की मागची, हा प्रश्न लोक प्रतिष्ठेचा करतात. प्रत्यक्षात वजन कुठे पडतं एवढंच पाहायचं असतं. तुमच्या गाडीत इंजिन आणि ओढणारी चाकं दोन्ही पुढे आहेत, म्हणून सपाट निसरड्या वाटेवर ती रिकाम्या बोलेरोपेक्षा चांगली पकड धरते. पण चढाला लागली की वजन मागे जातं, त्यात डिकीत तंबू, पाण्याचे कॅन, गॅस भरलेला असला तर पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. म्हणून जड सामान पुढच्या सीटच्या अगदी मागे, खाली ठेवा. डिकीत गाद्या-पांघरुणं. चढ छोटा पण सुटा, गोट्यांचा असेल आणि दोन वेळा गाडी घसरली, तर वळवून रिव्हर्समध्ये चढवून बघा. ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. मागे बघायला एक माणूस खाली उतरलेला हवा, तो गाडीच्या मागे नाही, बाजूला. मागच्या चाकांच्या गाडीला उलट करायचं, पाण्याचे कॅन डिकीत.

गाडी रुतल्यावर एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म असतं, हे पाहिलं असेल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ नाहीच, मिळतो. बोलेरोत मी हँडब्रेक दोन-तीन दाते ओढतो. त्याने फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो दुसऱ्या चाकालाही पोचतो. अनेकदा तेवढ्याने गाडी निघते. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तिथे ही युक्ती फुकट. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला आपणच ब्रेक लावतं, त्यामुळे आधी ते चालू ठेवून हळू अॅक्सिलरेटर द्या. वाळूत मात्र ते इंजिनाचा जोर कापतं आणि गाडी जागेवर बसते, तिथे बटण दाबून बंद करा. तुमच्या गाडीत बटण कुठे आहे, ते घरीच शोधून ठेवा.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाय उचलणं. चाक फिरलं आणि गाडी हलली नाही, तर पाय काढा. पुढचा प्रत्येक फेरा चाकाखाली खड्डा करतो. माणसं घाबरून रेस वाढवतात आणि अर्ध्या मिनिटात इंजिनाखालचं तेलाचं चेंबर जमिनीला टेकवतात, मग सुटणं अवघड. पाय काढा, स्टिअरिंग सरळ करा, ज्या चाकोरीने आलात त्याच चाकोरीने रिव्हर्स घ्या, ती दाबली गेलेली असते. नाही निघाली तर उतरा, चाकाच्या पुढची-मागची माती फावड्याने उतरती करा आणि खाली काहीतरी घाला. उसाच्या पट्ट्यात पाचट मिळतं, तूर काढलेल्या रानात तुराट्या मिळतात, माळावर चपटे दगड. कडब्याला हात लावू नका, तो कुणाच्या तरी जनावरांचा चारा आहे. चाकाखाली घातल्यावर मागे-पुढे कुणी उभं राहू नये, दगड गोळीसारखा उडतो.

ट्रॅक्टर आला तर देवच आला असं वाटतं, पण दोन मिनिटं थांबा. ट्रॅक्टरवाला दादा साखळी काढेल आणि जिथे हात पोचेल तिथे, म्हणजे सस्पेन्शनच्या एखाद्या दांडीला, गुंडाळेल. त्याला नम्रपणे थांबवा. तुमच्या गाडीच्या टूलकिटमध्ये एक जाड आटेदार कडी असते, बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवून बसवायची असते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. ती पूर्ण घट्ट बसवा आणि साखळीऐवजी पट्टा वापरा. साखळी झटका खाते, पट्टा थोडा देतो. पट्ट्यावर मधोमध एखादं जाड पांघरूण टाका, तुटला तर त्याचा जोर मरतो. मुलीला तोवर लांब, बाजूला उभं करा. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे तो नको म्हणाला तरी द्या.

आणखी एक अडचण आपल्या भागात नोव्हेंबर ते मार्च हमखास येते. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंद रस्त्यांना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये उंच वरंबा राहतो. चाकं चाकोरीत घातली की वरंबा थेट चेंबरला लागतो. मी एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसरी कडेवर ठेवून पहिल्या गिअरमध्ये जातो. मुक्कामाला नेहमी जाणार असाल तर चेंबरला लोखंडी गार्ड बसवून घ्या. गाडी बदलायला जे लाखो रुपये घालणार होतात, त्यातला अगदी छोटा भाग गार्ड, चांगले टायर, पट्टा, फावडं आणि १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप यांवर घाला. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळीही घ्या, नाहीतर मऊ जमिनीत गाडी वर यायच्याऐवजी जॅकच खाली जातो.

पंप घ्यायचा तो हवा कमी करता यावी म्हणून. नेहमी ३२ पीएसआय हवा असेल तर गोट्यांच्या वाटेवर मी २५-२६ करतो, गाडी कमी हादरते आणि टायर दगडावर बसतो. वाळूत १८-२० पर्यंत. १५ च्या खाली नको, वळताना टायर रिममधून सुटतो. काळ्या चिखलात हवा कमी करून विशेष काही साधत नाही. डांबरीवर येताच आधी हवा भरायची, कमी हवेवर पळवलं की टायर तापून फुटतो.

टायरचा खरा वैरी मात्र वेडी बाभूळ. तिचे काटे ओढ्याकाठी, तळ्याकाठी सगळीकडे पडलेले असतात, आणि वाळलेला काटा खिळ्यासारखा घुसतो. सावली आहे म्हणून तिच्याखाली गाडी लावू नका. काटा दिसला तर उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये तो बूच होऊन बसलेला असतो. पंक्चर किट आणि पंप हाताशी घ्या, मग काढा.

मुक्कामाची जागा मागून घ्या. पडीक दिसणारं रानही कुणाचं तरी असतं. वस्तीवर जाऊन "मामा, एक रात्र गाडी लावू का?" म्हटलं तर मला आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलं आहे, आणि पाणी कुठलं, कुत्री कुणाची, रात्री ट्रॅक्टर कुठून येतो हे सगळं तिथेच कळतं. नान्नजकडे माळढोकचं अभयारण्य आहे, १९७९ साली झालेलं. तिथल्या माळावर वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी किंवा मुक्काम नाही. वाट असली तरी गवतात गाडी घालू नका. माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, वरून चाक गेलं तरी आपल्याला कळतही नाही.

वाळलेल्या गवतावर, पाचटावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरचा पुढचा भाग तापलेला असतो, गाडीखालीच आग लागते. फेब्रुवारीनंतर हे फार जपायचं.

आता झोपण्याचं. तिघांनी गाडीत झोपणं चांगलंच, आणि लहान मूल असताना मी तेच सांगेन. आपल्याकडे घोणस, नाग, फुरसं आणि मण्यार चारही आहेत. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो, आणि त्याचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्या आहेत असं कुणी म्हणालं, तर अपचन समजून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी दवाखाना गाठा, सर्पदंशावरची लस तिथे मिळते. बाहेर झोपायचं तर वस्तीवरून बाज मागून घ्या. बूट गाडीत ठेवा, सकाळी झटकून घाला. अंधारात पाय ठेवण्याआधी बॅटरी.

गाडीत झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड लावा. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं नाही, शेगडी किंवा निखारे गाडीत घेणं तर कधीच नाही. धुराचा वास येत नसतानाही त्यातला विषारी वायू झोपेतच माणूस मारतो. पाणी हिवाळ्यात माणशी दिवसाला ५ लिटर धरा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा मुलांना घेऊन मुक्कामच करू नका, गाडीची भट्टी होते.

तर तुमच्यासाठी बेत असा. दिवाळी घरी करा. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, पाऊस होऊन निदान दहा दिवस झालेले बघून एक रात्र आधी ओळखीच्या वस्तीवर काढा, डांबरीपासून किलोमीटरभर आत, मुरमावर. गाडी तोंड बाहेरच्या वाटेकडे करून लावा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर वळवावी लागत नाही. कडी बसवून बघा, हवा उतरवून परत भरून बघा, तिघांना पाय पसरता येतात का ते बघा. उजनीला फेब्रुवारीत जा. तोवर रोहितही आलेले असतील. निघायच्या आदल्या दिवशी काठावरच्या गावात कुणाला तरी फोन करून एवढंच विचारा: खाली रानात औत चालू आहे का?